खेड्यांतील पडदा आणि खेड्यांतील रसिक

कलाकृतीचें मोल ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. परंतु त्या वादांत खेड्यांतील माणसाची साक्ष काढावी असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. नाटकाविषयीं बोलतांना आपण पुण्यामुंबईच्या प्रेक्षकांचें मत विचारतों, कवितेविषयीं बोलतांना मासिकांच्या वाचकांचें. आणि चित्रपटाची गोष्ट निघाली म्हणजे 'चांगलीं चित्रें खेड्यांत चालत नाहींत' हें वाक्य एखाद्या सिद्धांताप्रमाणें उच्चारून मोकळे होतों. या सिद्धांतास पुरावा काय, असें विचारलें तर उत्तर मिळतें कीं, तेथें मारामारीचीं, गाण्यांचीं व चमत्कारांचीं चित्रें चालतात. पण जें दाखविलेंच नाहीं तें चालत नाहीं असें म्हणणें हा कोणता न्याय? ज्याच्या पानांत जन्मभर एकच भाजी वाढली त्याला दुसरी आवडत नाहीं, असें वाढप्यानेंच परस्पर ठरवावें, तशांतला हा प्रकार आहे.

गांवच्या सभागृहांत एखाद्या रात्रीं सर्वांनीं मिळून एक चित्र पाहावें आणि तें संपल्यावर त्याविषयीं चार शब्द बोलावे, ही गोष्ट ऐकावयास अगदीं साधी वाटते. करमणुकीपलीकडे तिच्यांत कांहीं असेल असें प्रथमदर्शनीं कोणाला वाटणार नाहीं. आमचें म्हणणें असें आहे कीं, ही रात्र नीट योजली तर ती गांवानें आपल्या अभिरुचीची, आणि त्याहूनहि अधिक म्हणजे आपल्या वागणुकीची, स्वतः घेतलेली परीक्षा होऊं शकते. आणि ती नीट योजली जात नाहीं याचा दोष खेड्यांतील प्रेक्षकाकडे नसून, त्याच्यासाठीं चित्रें निवडणाऱ्यांकडे आहे.

खेड्यांना पडद्याची ओळख नवी नाहीं. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालीं मुंबईंत लोकांसमोर आला. पण त्याच्याहि आधींपासून परदेशीं चित्रें घेऊन तंबूंतले खेळ या देशांत फिरत होते. मूकपटाच्या काळीं पडद्यावरील मजकूर अक्षरशून्य प्रेक्षकांसाठीं मोठ्यानें वाचून दाखविणारा एक माणूस तेथें उभा असे. पुढें बोलपट आला, जत्रा आणि तंबू यांचें नातें पक्कें झालें, आणि देवाच्या दर्शनाबरोबर चित्राचें दर्शन हा महाराष्ट्रांतील कित्येक गांवांचा वार्षिक परिपाठ होऊन बसला. त्या तंबूंनीं एक गोष्ट तर वादातीत सिद्ध केली आहे. प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' (१९३६) व्हेनिसच्या महोत्सवांत १९३७ सालीं गौरविला गेला, आणि तोच चित्रपट जत्रेंतल्या तंबूंतहि लोकांनीं डोक्यावर घेतला. परदेशच्या जाणकारांची पसंती आणि मातीवर बसलेल्या प्रेक्षकांची पसंती यांत तेथें अंतर पडलें नाहीं. तें कां पडलें नाहीं, हें पाहण्यासारखें आहे. त्या चित्रांत चमत्कार आहेत, परंतु तें उभें आहे तें चमत्कारांवर नव्हे. तें उभें आहे रिकाम्या कणगीवर, पोराबाळांच्या भुकेवर, आणि नवऱ्याच्या देवाशीं रोखठोक भांडणाऱ्या आवलीवर. गौरी यांनीं रंगविलेली ती आवली पाहून ओळखीचें हंसूं जिच्या ओठीं आलें नसेल अशी बाई कोणत्याहि खेड्यांत सांपडणें कठीण. खरी कला ओळखीच्या दाराने आंत येते आणि मग अनोळखी खोलींत घेऊन जाते. त्या वाटेनें जाण्यास खेड्यांतील प्रेक्षक कधींच नाखूष नव्हता.

असें असूनहि तंबूचा अति गौरव करणें आम्हांस मान्य नाहीं. तंबू हा व्यापार होता. आजच्या गल्ल्यावर उद्यांचा मुक्काम अवलंबून, म्हणून जें हमखास विकेल तेंच तो आणी. बहुतेक ठिकाणीं पुरुष एकीकडे व बायका दुसरीकडे बसत, चित्र संपतांच मंडळी पांगत आणि जत्रा उठली कीं तंबूहि उठे. पाहिलेल्या चित्राचें पुढें काय झालें, तें मनांत कोठें रुतलें, हें विचारण्यास कोणी मागें राहत नसे. शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या अनुबोधपटानें (२०१६) महाराष्ट्रांतील या फिरत्या खेळांची मावळती फार सहृदयतेनें टिपली आहे. गंजलेलीं यंत्रें, वाटेंत अडकलेलीं रिळें, ताटकळलेली गर्दी आणि शेवटीं रिळांच्या जागीं आलेलें नवें संगणकी यंत्र, हें सर्व पाहतांना मन हळहळतें. परंतु त्या चित्राच्या श्रेष्ठ गुणामुळेंच एक उणीव आपल्या लक्षांत येऊन जाते. त्यांत यंत्रावरचें प्रेम आहे, गर्दीचा आनंद आहे. मात्र त्या गर्दीला पाहिलेल्या चित्राविषयीं काय वाटलें, हें बोलण्याची जागा तंबूच्या व्यवस्थेंतच नव्हती, म्हणून ती अनुबोधपटांतहि येऊं शकत नाहीं.

दुसरा मार्ग सरकारी. १९४८ सालीं फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली, आणि पडदा व यंत्र घेतलेल्या मोटारी गांवोगांव हिंडून शेतीचीं, आरोग्याचीं व योजनांचीं चित्रें फुकट दाखवूं लागल्या. १९७५-७६ सालीं उपग्रहाच्या साहाय्यानें सहा राज्यांतील सुमारें २४०० खेड्यांत सार्वजनिक दूरचित्रवाणी संच बसवून शिक्षणाचे कार्यक्रम दाखविण्याचा मोठा प्रयोग झाला. या उद्योगांचा हेतु चांगला होता आणि कांहीं उपयोगहि झाला, हें नाकारण्याचें कारण नाहीं. तथापि त्यांच्या मुळाशीं एक गृहीत गोष्ट होती: खेड्यांतल्या माणसाला कांहींतरी शिकवावयाचें आहे. तंबूवाला त्याला गिऱ्हाईक समजला, सरकार त्याला विद्यार्थी समजलें. त्याला रसिक समजण्याचें मात्र दोघांच्याहि गांवीं नव्हतें.

रसिक समजून केलेला एक प्रयोग आपल्या शेजारीं कर्नाटकांत झाला, आणि त्याचे धागे पुण्याशीं जुळलेले असल्यामुळें मराठी वाचकांनीं तो अवश्य माहीत करून घ्यावा. शिमोगा जिल्ह्याच्या सागर तालुक्यांत हेग्गोडू नांवाचें गांव आहे. मलनाडचा हा प्रदेश मुसळधार पावसाचा व सुपारीच्या बागांचा. तेथें १९४९ सालीं 'श्री नीलकंठेश्वर नाट्यसेवा संघ' ही हौशी नाटकमंडळी निघाली. आद्याक्षरांवरून पडलेलें 'नीनासम' हें नांव पुढें रूढ झालें. तिचे सूत्रधार के. व्ही. सुब्बण्णा हे कानडी लेखक, अनुवादक आणि प्रकाशक होते. १९९१ सालीं त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळालें, व २००५ सालीं ते वारले. १९७२ सालीं गांवांत शिवराम कारंत यांच्या नांवाचें रंगमंदिर उभें राहिलें आणि पुढल्याच वर्षीं संघानें 'चित्रसमाज' ही शाखा काढली. पुण्यास १९६४ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर, आणि फिल्म इन्स्टिट्यूटमध्यें चित्रपटाचें रसग्रहण शिकविणारे प्राध्यापक सतीश बहादुर, यांचें साह्य या कामीं लाभलें. ज्या चित्रांचीं नांवें शहरांतील सुशिक्षितांनींहि बहुधा पुस्तकांतच वाचलेलीं असतात, त्यांचीं रिळें त्या दशकांत या खेड्यांत पोंचलीं: सत्यजित राय यांचें 'पथेर पांचाली', डी सिका यांचें 'बायसिकल थीव्ज', कुरोसावा यांचें 'राशोमोन'. नायर यांच्या कार्यावरील 'सेल्युलॉइड मॅन' (२०१२) या अनुबोधपटांत हेग्गोडूचे गांवकरी अनेक वर्षांनंतर या चित्रांच्या आठवणी सांगतांना दिसतात. परीक्षकांनीं घोकून ठेवलेलीं चित्रें शेतावरच्या माणसाच्या तोंडून आठवणींच्या भाषेंत ऐकणें, हा आमच्या मतें त्या अनुबोधपटांतील सर्वांत मोलाचा भाग आहे.

हें कसें घडलें? यांत अद्भुत कांहीं नाहीं. नीट विचार केला तर हीं तीन चित्रें खेड्यांतील सभागृहांत शहरापेक्षां अधिक जवळचीं वाटावीं अशींच आहेत.

'पथेर पांचाली' (१९५५) घ्या. त्यांतील गांवांत पेटींतलीं चित्रें दाखविणारा माणूस येतो आणि पोरें त्या पेटीच्या भोंकांना डोळे लावतात. पुढें रात्रीं जात्रेचा खेळ होतो व अपू डोळे विस्फारून तो पाहतो. म्हणजे खेड्यांत खेळ पाहणारें पोर हाच त्या चित्राचा एक विषय आहे. दुर्गेनें हार चोरला कीं नाहीं, या एका प्रश्नावर शेजारपाजारचा बोभाटा, आईचा संताप व पोरीचा मार हें सारें उभें राहतें. आणि तिच्या मृत्यूनंतर तोच हार अपूच्या हातीं लागतो व तो मुकाट्यानें तळ्यांत फेंकून देतो. पाण्यावरचें शेवाळ क्षणभर दूर होतें आणि पुन्हां मिटतें. शहरांतील प्रेक्षक या दृश्याला प्रतीक म्हणतो. ज्याच्या गांवांत चोरीचा आळ एकदां आला म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पुसत नाहीं, त्याला तें प्रतीक म्हणून समजावून सांगण्याची गरज नाहीं.

'बायसिकल थीव्ज' (१९४८) मधील बेकार कामगार घरांतल्या चादरी गहाण टाकून सायकल सोडवून आणतो, कारण सायकल असेल तरच भिंतीवर जाहिराती चिकटविण्याची नोकरी मिळणार असते. पहिल्याच दिवशीं तो एका सुंदर नटीचें चित्र भिंतीवर डकवीत असतांना त्याची सायकल चोरीस जाते. स्वप्नें विकणारा सिनेमा आणि पोट जाळणारी गरिबी यांची एवढी कडवट भेट क्वचितच कोणीं घडविली असेल. बैल, पंप किंवा शिवणयंत्र सावकाराकडून सोडवून आणण्याचा अर्थ ज्यांना ठाऊक आहे त्यांना या कथेसाठीं रोम शहराची माहिती लागत नाहीं. शेवटीं तोच बाप दुसऱ्याची सायकल पळवूं पाहतो, पकडला जातो आणि लहान मुलगा तें सर्व पाहतो. मालक त्याला सोडून देतो; पण मुलाच्या डोळ्यांतून बाप सुटत नाहीं. हें पाहून सभागृहांत जी शांतता पसरेल तिला कोणत्याहि टीकालेखाहून अधिक अर्थ आहे.

'राशोमोन' (१९५०) विषयीं तर 'हें फार गहन आहे, खेड्यांत कोण समजणार?' असें हमखास म्हटलें जातें. एका खुनाच्या चार हकिगती, चारहि एकमेकींशीं विसंगत, आणि खरें काय याचा निकाल नाहीं. बांधावरून लागलेल्या तंट्यांत चार साक्षीदारांच्या चार कहाण्या ज्यानें चावडीवर ऐकल्या आहेत, त्याला यांत न समजण्यासारखें काय आहे? मेलेल्या माणसाची साक्ष अंगांत आलेली बाई देते, हेंहि त्याला परकें नाहीं. कुरोसावानें एक मोठी खुबी येथें केली आहे. न्यायाधीश पडद्यावर कधींच दिसत नाहीं. साक्षीदार थेट आपल्याकडे पाहून बोलतात. म्हणजे न्यायासन प्रेक्षकाला दिलेलें आहे. एकटा माणूस त्या आसनावर बसला तर कोडें सोडविण्याची मौज भोगतो. अख्खें गांव बसलें तर पंचायत भरते, आणि आपणहि अशाच साक्षी देत आलों आहोंत ही जाणीव एकेकाला होऊं लागते.

यावर आक्षेप पुष्कळ निघतील. पहिला भाषेचा. जपानी किंवा इटालियन बोलणें कोणाला कळणार? त्याचें उत्तर आपल्याच परंपरेंत आहे. मूकपटाचा मजकूर वाचून दाखविणारा माणूस पुन्हां उभा करावा. खेळापूर्वीं दहा मिनिटें कथा मराठींत सांगावी. कथा आधीं कळली तर गोडी जाते ही समजूत शहरी आहे. कीर्तनांतल्या हरिश्चंद्राचें पुढें काय होणार हें कोणत्या श्रोत्याला माहीत नसतें? तरी तो पहाटेपर्यंत बसतो. दुसरा आक्षेप असा कीं, हेग्गोडू हा अपवाद. तेथें सुब्बण्णांसारखा माणूस होता. हें खरें आहे. परंतु त्यांतलें मर्म निराळें आहे. त्या गांवांत चित्रापूर्वीं नाटक होतें. आपल्या हातांनीं रंगमंच उभारणारें, तालमी करणारें, परस्परांच्या चुका काढणारें गांव चित्रहि तसेंच पाहतें. कोंकणांत दशावतार आहे, देशावर भजनीमंडळें व तमाशे आहेत, विदर्भांत झाडीपट्टीची रंगभूमि आजहि गजबजलेली आहे. प्रेक्षक तयार आहे. त्याच्याकडे प्रेक्षक म्हणून पाहणारा कोणी हवा.

तिसरा आक्षेप आजचा आहे. आतां ज्याच्या त्याच्या हातांत फोन आहे, हवें तें चित्र हव्या त्या वेळीं दिसतें, मग सभागृहांत जमावयाचें कशाला? आमच्या मतें जमावयाचें तें याचसाठीं. फोनवरचें चित्र थांबवितां येतें, पुढें ढकलतां येतें, मनाला टोंचूं लागतांच बंद करतां येतें. सभागृहांत शेजारच्या माणसाला बंद करतां येत नाहीं. आपण हंसलों तेथें तो कां हंसला नाहीं, आपण गप्प झालों तेथें म्हातारी कां पुटपुटली, हें तेथेंच कळतें. रसग्रहणाचा आरंभ या कुतूहलांत आहे.

चौथा प्रश्न मात्र याहून अवघड आहे, आणि तो टाळून हा विषय संपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. सभागृह गांवाचें असें आपण म्हणतों. पण गांव म्हणजे कोण? जाजमावर पुढें कोण बसतो आणि दाराशीं उभा कोण राहतो? जेवणखाण आटोपून भांडीं घासल्याशिवाय घराबाहेर पडतां न येणाऱ्या बाईच्या सोयीनें खेळाची वेळ ठरते कीं, पुरुषांच्या? जब्बार पटेल यांचा, तेंडुलकरांनीं लिहिलेला 'सामना' (१९७५) अशा एखाद्या गांवीं दाखवावा. सहकारी साखर कारखान्याच्या जोरावर सारा मुलूख मुठींत ठेवणारा पुढारी, आणि नाहींशा झालेल्या एका माणसाचें काय झालें हा एकच प्रश्न विचारीत सुटलेला दारुडा मास्तर, यांचा तो झगडा. शहरांतील नाट्यगृहांत श्रीराम लागू व निळू फुले यांच्या अभिनयाला टाळ्या पडतात आणि विषय संपतो. गांवांत पहिल्या रांगेंत तसाच पुढारी बसलेला असेल, तर टाळी वाजविणें हेंच धाडस ठरेल.

म्हणून गांवच्या चित्रपटरात्रीची कसोटी गर्दी ही नव्हे. ती रात्र चांगली होण्यास लागणाऱ्या गोष्टी थोड्या व साध्या आहेत. मालकाची रीतसर परवानगी घेऊन आणलेलें चित्र. सुगीची घाई नाहीं असा हंगाम. पत्र्यावर पावसाचा ताशा वाजत नाहीं अशी रात्र. उघड्या भिंतींवर आवाज घुमूं नये म्हणून जाड सतरंज्या व पडदे. हारतुरे, प्रमुख पाहुणे व आभारप्रदर्शन यांना पूर्ण फांटा द्यावा. चित्र संपल्यावर अर्धा तास दिवे लावून बसावें, आणि ज्याला गांवांत एरव्हीं शेवटीं बोलावयास मिळतें त्यानें येथें प्रथम बोलावें. शिकलेल्या मंडळींनीं आपलें मत राखून ठेवावें. त्यांना बोलावयास इतर जागा पुष्कळ आहेत.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) मध्यें शेवटीं जब्या आपल्या बापाबहिणींची टवाळी करणाऱ्यांवर दगड भिरकावतो, आणि तो दगड पडद्यांतून थेट प्रेक्षकाच्या अंगावर येतो. शहरांत तो दगड चुकविणें सोपें आहे. तो दुसऱ्या कोणासाठीं, दूरच्या एखाद्या खेड्यासाठीं होता, असें म्हणून आपण घरीं जातों. गांवच्या सभागृहांत ज्यानें टवाळी केली तो आणि ज्याची झाली तो एकाच जाजमावर बसलेले असतील. निदान ते एकाच जाजमावर बसतात कीं नाहीं, हें दिवे लागतांच सर्वांना दिसेल. उत्तम चित्रपट खेड्याला पेलत नाहीं असें म्हणणाऱ्यांना खरी भीति याचीच वाटत असावी, असा आमचा संशय आहे. खेड्याला तो पेलतो. तो कोणाला पेलत नाहीं, हें मात्र त्या अर्ध्या तासांत उघड होऊन जातें.